शिकारीची तलवार आणि हाकारे

(चामोर्शी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं जवळपास जशीच्या तशी ठेवली आहेत.)



विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकाने मला फोनवर विचारलं, "सर, युरोपातल्या राजेलोकांच्या शिकारीच्या तलवारी, हे आमच्याकडे कोण ऐकायला येणार?" मी म्हटलं, रान कोणाचं, शिकार कोणी करायची आणि डुकराने उभं धान तुडवलं तर तक्रार कोणाकडे न्यायची, हे प्रश्न चामोर्शीच्या माणसाला जितके कळतात तितके आज पॅरिसच्या माणसाला कळत नसतील. तेव्हा येतील लोक. आणि तुम्ही आलात. (हशा)

पण सुरुवात युरोपातून करत नाही, नागपूरकर भोसल्यांपासून करतो. २९ एप्रिल २०२५ला लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात एक तलवार आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. तलवार पहिल्या रघुजी भोसल्यांच्या नावाची. हे रघुजी आपल्याला लांबचे नाहीत. १७५१च्या सुमारास चांद्याचं गोंड राज्य त्यांच्याकडे गेलं, नीलकंठशहाची सत्ता संपली, आणि वैनगंगेच्या या काठचा मुलूखही नागपूरच्या अमलात आला. त्या तलवारीच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत, देवनागरीत, रघुजींचं नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा किताब आहे. आणि सगळ्यात शेवटचा शब्द आहे 'फिरंग'.

फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखात घडलेलं पातं. सरळ, एकधारी, युरोपातलं. मूठ मात्र आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची, सोन्याचं कोफ्तगरी काम केलेली. सोळाव्या-सतराव्या शतकापासून अशी पाती पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती आणि आपले कारागीर त्यांना इथली मूठ चढवत होते. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ साली इंग्लंडच्या युवराजाकडे गेलेली, शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी तलवार आहे ना, तिच्याही सरळ पात्यावर आय. एच. एस. ही ख्रिस्ती अक्षरं तीनदा उमटवलेली आहेत. म्हणजे युरोपचं लोखंड आपल्या दरबारात होतंच. मग युरोपातल्या दरबारांत तेच लोखंड काय करत होतं? त्याची एक बाजू लढाईची. ती सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर सिनेमे निघतात. दुसरी बाजू शिकारीची. आज तिच्याविषयी बोलू, आणि मग रघुजींच्या फिरंगेकडे परत येऊ.

आता मुळात ही शिकारीची तलवार असते कशी?

दोन अगदी वेगळ्या वस्तू या एकाच नावाखाली विकल्या जातात, त्या आधी वेगळ्या करू. पहिली रानडुकराची तलवार. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्यात, सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनच्या काळात, ही चांगली रुळली. मॅक्सिमिलियन शिकारीचा इतका नादी की लोकांच्या आठवणीत तो राज्यकर्त्याआधी शिकारी म्हणून राहिला. या तलवारीचं पातं लांब, अरुंद आणि ताठ. त्याच्या बऱ्याचशा लांबीला धारच नाही. फक्त शेवटाला ते पानासारखं रुंद होतं, आणि तिथेच धार. त्या पानाच्या थोडं मागे एक भोक असतं, त्यात लोखंडाची आडवी दांडी बसवायची. दांडी कशाला? घोड्यावरून डुकराला भोसकलं की डुक्कर मागे हटत नाही, पुढे येतं. तुमच्यापैकी ज्यांनी जखमी डुक्कर पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. पातं अंगातून आरपार गेलं तरी ते तसंच चढत येतं आणि घोड्याचं पोट फाडतं. आडव्या दांडीने ते अडतं. आपल्याकडच्या जुन्या भाल्यांना काही ठिकाणी पात्याखाली आडवा खिळा असतो, त्यामागची अक्कलही हीच.

ही तलवार मला आवडते, हे सांगून टाकतो. तिच्यात फुकटचं काही नाही. धार हवी तिथेच आहे, नको तिथे नाही. ताठपणा आहे, कारण वाकून चालणार नाही. ज्याने ती पहिल्यांदा घडवली त्याने जनावर जवळून पाहिलेलं होतं.

दुसरी वस्तू म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातली आखूड तलवार. तिचं पातं दीड-दोन फुटांचं, सरळ किंवा किंचित बाकदार. जर्मन तिला 'हिर्शफेंगर' म्हणतात, म्हणजे हरीण धरणारी. फ्रेंच 'कुतो द शास', शिकारीची सुरी. मूठ सांबरशिंगाची, हस्तिदंताची, नाहीतर अकीक दगडाची. मुठीपाशी शिंपल्याच्या आकाराची छोटी ढाल, तिच्यावर कुत्री आणि हरणं उठावात कोरलेली. म्यानात कधी कधी आणखी एखादी लहान सुरी खोचलेली. याच घरातला तिसरा प्रकार म्हणजे जनावर फाडायच्या हत्यारांचा संच. त्यात रुंद पात्याचा सुरा आणि पाच-सहा लहान सुऱ्या, सगळं एकाच म्यानात. आज लिलावात आणि संग्रहालयांत जे भरपूर दिसतं ते हे, ही आखूड तलवार.

हिचा उपयोग काय? इथे दरबार येतो.

फ्रान्सच्या राजदरबारात हरणाची शिकार म्हणजे माग काढत, कुत्र्यांच्या टोळ्या सोडत, घोड्यांवरून तासन् तास चाललेला पाठलाग. हरीण शेवटी थकतं, पाण्यात किंवा झुडपात पाठ टेकवून उभं राहतं आणि शिंगं रोखतं. मग शिंगं फुंकतात, सगळे जमा होतात. एक जण मागून जाऊन हरणाच्या मागच्या पायाची शीर तोडतो. आणि मग राजा, किंवा राजाने ज्याला मान दिला तो, ही आखूड तलवार घेऊन छातीत शेवटचा वार करतो. म्हणजे बघा, सकाळपासून धावलेले कुत्रे, घोडे, माग काढणारे, पायाची शीर तोडणारा. आणि तलवार मात्र एकाच्या हातात. हरणाचा उजवा पुढचा पाय कापून मानाच्या पाहुण्याला द्यायचा. कुत्र्यांना आतडी. कोणाला काय मिळणार हे आधीच ठरलेलं. आपल्याकडे सणाला बकरा कापला की मुंडी कोणाची, मांडी कोणाची हे ठरलेलं असतं, तसंच.

जर्मनीत तर यात भाषेचीही भर होती. शिकाऱ्यांची वेगळी बोली होती. हरणाच्या रक्ताला रक्त म्हणायचं नाही, त्याला वेगळा शब्द. चुकून साधा शब्द तोंडातून गेला तर त्या माणसाला मारलेल्या हरणावर पालथं घालायचं आणि त्या रुंद सुऱ्याच्या चपट्या बाजूने ढुंगणावर तीन फटके. (हशा) खरंच. दरबारातल्या मोठ्या लोकांनाही ते खावे लागत. म्हणजे हे हत्यार हरणासाठी जितकं होतं तितकंच माणसं ओळखायला होतं. आपल्यातला कोण, बाहेरचा कोण.

आणि एकदा हत्यार ओळखीचं झालं की त्याचं कामाचं अंग झिजत जातं. ड्रेस्डेनला सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट होता, ज्याला 'बलदंड ऑगस्ट' म्हणत. त्याने १७१०मध्ये माइसनचा चिनी मातीचा कारखाना काढला. पुढे त्या कारखान्यात शिकारीच्या तलवारींच्या मुठी बनल्या. चिनी मातीच्या! पांढऱ्याशुभ्र, वर रंगीत फुलं आणि शिकारीची चित्रं. दिसायला देखण्या आहेत, मी नाही म्हणत नाही. रंगाचं काम इतकं बारीक की भिंग घेऊन पाहावं. पण हातातून दगडावर पडली तर? चहाच्या कपाचं होतं तेच होणार. मी अशा मुठींची चित्रं पुष्कळ पाहिली आणि मला दर वेळी हेच वाटलं, की ही तलवार ज्याच्या कमरेला होती त्याला ती उपसायची वेळ येणार नव्हती, हे त्याला आणि बघणाऱ्यांना दोघांनाही माहीत होतं. डुकराच्या तलवारीपासून इथवर दोन-अडीचशे वर्षं. सोन्याचं काम वाढत गेलं, आणि मला विचाराल तर वस्तू उतरत गेली. कॅटलॉगवाले याच्या अगदी उलट चढ लावतात. त्यांच्या किमतीही तशाच.

आता कॅटलॉगचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याच्यावर. कारण आपण या तलवारी कॅटलॉगच्या डोळ्यांनी पाहतो. लंडनला जाऊन बघणार कोण? नोंद कशी असते? पात्याची लांबी. कारागिराची मुद्रा, बहुतेक झोलिंगेन गावातली. मूठ कशाची. मुलामा किती शिल्लक. आणि शेवटी, जमलं तर, 'राजघराण्यातील'. या शेवटच्या शब्दाने किंमत चढते, आणि हाच शब्द सगळ्यात सैल असतो. पात्यावर राजाची आद्याक्षरं आणि वर मुकुट कोरलेला दिसला की लोकांना वाटतं, ही राजाची तलवार. अहो, तसं नसतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन राज्यांत वनखात्याच्या नोकराला गणवेशाबरोबर हिर्शफेंगर मिळायची आणि तिच्यावर राजाची आद्याक्षरं असायची. आपल्याकडे वनरक्षकाच्या पट्ट्यावर खात्याचं चिन्ह असतं. उद्या तो पट्टा लिलावात आला तर तो काय मंत्र्यांचा पट्टा म्हणायचा? (हशा)

आता पात्याकडे या. पातं वाचण्यासारखं असतं. आम्लाने कोरलेली नक्षी असते, कुत्रे, हरीण, डुक्कर, शिंग फुंकणारा शिकारी. सोळाव्या शतकात म्युनिकमध्ये आम्ब्रोसियुस गेमलिख नावाचा कारागीर होता. त्याने शिकारी पात्यांवर अख्खं पंचांग कोरलं, महिने, वार, संतांचे दिवस. रानात गेलेल्या धन्याला आज उपास आहे की नाही हे तलवार बघून कळावं. काही पात्यांना बाजूने छोटं पिस्तूल जोडलेलं. म्हणजे आपल्या मोबाइलसारखं, एकात सगळं, आणि बहुतेक वेळा एकही धड नाही.

आपल्याकडेही पात्यावर शिकार कोरायची परंपरा आहे. भारतीय आणि इराणी पात्यांवर हत्ती, वाघ, हरीण, ससा एकमेकांमागे धावताना उठावात कोरलेले असतात. अशा कामाला 'शिकारगाह' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ शिकारीची जागा, राजाने राखलेलं रान. तलवार लढाईची किंवा मिरवायची, पण तिच्या अंगावर राखलेलं रान. मला हे नाव फार बोलकं वाटतं. युरोपच्या पात्यावर शिकारी दिसतो, आपल्या शिकारगाह पात्यावर बऱ्याचदा जनावरंच दिसतात, हा फरक आहे. पण मी जेवढी पाती आणि त्यांची चित्रं पाहिली त्यांत, दोन्हीकडे, एक माणूस मला सापडला नाही. हाकारा.

हाका म्हणजे काय हे तुम्हाला समजावण्याची गरज नाही. तुमच्यातल्या वयस्क मंडळींनी आपल्या आजोबांकडून ऐकलं असेल. साहेब येणार, जमीनदार येणार, गावाला हुकूम. डबे, ढोल घेऊन पहाटे रानात उतरायचं, रांगेने ओरडत जनावर मचाणाकडे ढकलायचं. मजुरी मिळाली तर मिळाली. वाघ रांगेवर उलटला तर नशीब.

युरोपात हेच होतं, आणि कायद्याने होतं. जर्मन राज्यांत शेतकऱ्याला शिकारीची वेठ होती. हाका द्यायचा, जाळी वाहायची, रान घेरायला कापडाचे लांबच लांब पडदे उभारायचे, राजाची कुत्री पोसायची. हे सगळं आपल्या शेतीची कामं सोडून. आणि राजाच्या रानातलं जनावर शेतात शिरलं तर त्याला मारायचं नाही. कुंपण अणकुचीदार करायचं नाही, हरणाला लागेल म्हणून. गावच्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायचा, तो हरणामागे धावू नये म्हणून. आपल्याकडे मारक्या गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात ना, तसं कुत्र्याला लोढणं.

१५२५ साली दक्षिण जर्मनीतले शेतकरी उठले. मेम्मिंगेन गावात त्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. त्यातली चौथी मागणी शिकारीची आणि मासेमारीची. तिच्यात गाऱ्हाणं आहे की मुकी जनावरं आमचं पीक खातात, आणि आम्ही तोंड मिटून ते सोसायचं. पाचवी मागणी रानातल्या लाकडाची. पाचशे वर्षं झाली. या मागण्या मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला आष्टीकडच्या एका शेतकऱ्याचं बोलणं आठवलं. तो डुकरांनी लोळवलेल्या धानाच्या बांधीत उभा होता आणि मला म्हणाला होता, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत डुकरं दुसऱ्यांदा येऊन जातात.

त्या शेतकऱ्यांचं बंड मोडलं. हजारो मारले गेले. आणि आम्ब्रोसियुस गेमलिख याने आपली पंचांगाची पाती कोरली ती साधारण त्याच पिढीत, त्याच दक्षिण जर्मनीत. दोन्ही गोष्टी एका दालनात मांडलेल्या मी कुठे पाहिल्या नाहीत. पात्याची नोंद कलेच्या पुस्तकात आणि बाराव्या-चौथ्या मागण्या राजकारणाच्या पुस्तकात.

इंग्लंडातही वेगळं नव्हतं. १७२३ साली तिथे एक कायदा झाला. तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन राखीव रानात हरणाच्या मागे गेलेला सापडला तर फाशी. आणि फ्रान्समध्ये? सोळाव्या लुईची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १४ जुलै १७८९, पॅरिसच्या लोकांनी बास्तीलचा किल्ला फोडला तो दिवस, आणि राजाने लिहिलं 'रियँ', काही नाही. लोक यावर हसतात, राजाला बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नव्हता म्हणून. पण ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. 'काही नाही' म्हणजे आज शिकार झाली नाही. मला हे जास्त अर्थाचं वाटतं. कारण त्यानंतर महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, राष्ट्रसभेने सरंजामी हक्क मोडले, त्यात तिसऱ्याच कलमात शिकारीचा राखीव हक्क रद्द केला. शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर जनावर मारायची मोकळीक मिळाली. तिसरं कलम! इतकं वर का घेतलं असेल? कारण खेड्यातल्या माणसाला राजा रोज दिसत नव्हता, राजाची हरणं रोज दिसत होती.

तर आखूड तलवार खरी तेव्हाच संपायला हवी होती. संपली नाही. दरबार गेले तशी ती वनखात्याच्या गणवेशात शिरली. पुढे जर्मनीत १९३४ साली गोअरिंगने 'राष्ट्राचा शिकारप्रमुख' हे पद घेतलं तेव्हाही हिर्शफेंगर गणवेशात होतीच. सोनं उतरलं, आद्याक्षरं राहिली. राजाच्या मर्जीचं हत्यार होतं ते सरकारी अधिकाराचं झालं.

आणि इथून ते आपल्या दारात येतं. १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख नेमला तो दिएत्रिख ब्रांडिस, जर्मन. त्याच्यानंतर श्लिख, जर्मन. त्याच्यानंतर रिबेनट्रोप, तोही जर्मन. १९००पर्यंत असंच. १८६५चा वनकायदा, मग १८७८चा. 'राखीव जंगल' हा शब्द आपल्या आज्यापणज्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आलापल्लीच्या सागाचं मोल सरकारला कळलं तेही याच काळात.

मी असं म्हणत नाही की जर्मन लोकांनी कमरेला तलवार लावून चांद्याचं रान घेतलं. इतकं सरळ नाही ते. ब्रांडिस स्वतः गावांना त्यांची रानं द्यावीत असं म्हणत होता. १८७८चा कायदा कडक झाला तो बेडन-पॉवेलसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या आग्रहाने. हा न्याय ब्रांडिसला द्यायला हवा. पण जो विचार आला तो ओळखीचा होता. रान आधी धन्याचं, आणि गावाला जे मिळेल ते सवलत म्हणून. तो विचार एका हत्याराच्या रूपाने तीनशे वर्षं युरोपातल्या कमरांना लटकत होता.

मग शिकारीचे परवाने आले. साहेबाला आणि संस्थानिकाला रानाचे भाग वाटून दिले. गावकऱ्याचा तिरकमठा आणि फासे मात्र चोरटी शिकार ठरले. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार सगळ्यांचीच थांबली. ते योग्यच झालं, माझं त्याबद्दल दुमत नाही. आपल्या शेजारी १९८६मध्ये चपराळा अभयारण्य झालं. पुढे २००६चा वनहक्क कायदा आला, २००९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने सामूहिक हक्क मिळवून देशाला दाखवून दिलं. त्या कायद्यात परंपरेने चालत आलेले हक्क मान्य केले आहेत, आणि त्याच वाक्यात शिकारीचा हक्क वगळला आहे. वगळायला हवाच होता. पण बघा, वगळण्यासाठी का होईना, तो 'परंपरागत हक्क' होता असं कायद्याला लिहावं लागलं. लिखित कागदावर हाकाऱ्याच्या आणि पारध्याच्या बाजूची अशी ओळ शोधायला फार वेळ लागतो, म्हणून सांगितलं.

आता रघुजींच्या फिरंगेकडे.

ती शिकारीची तलवार नाही, हे स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की सरांनी सेनासाहेबसुभ्यांची तलवार हरणावर चालवली. (हशा) ती मानाची, लढवय्या घराण्याची तलवार आहे, आणि ती परत आली याचा मलाही आनंद आहे. माझी तक्रार तिच्याशी नाही, आपण तिच्याविषयी बोललो त्या पद्धतीशी आहे. आपण कॅटलॉगच्याच भाषेत बोललो. सोनं, नाव, किताब, किंमत. शौर्य हा शब्द शंभर वेळा. 'फिरंग' हा शब्द, जो खुद्द मालकाने सोन्यात कोरून घेतला, त्याच्यावर आपण जेमतेम थांबलो. त्यांना तो लपवावासा वाटला नव्हता. परदेशी पातं चांगलं आहे म्हणून घेतलं, त्याला आपली मूठ घातली आणि तसं लिहिलं. किती सरळ गोष्ट आहे! एका ओळीत मालक आहे, हुद्दा आहे, आणि लोखंड कुठलं तेही आहे. युरोपातल्या चिनी मातीच्या मुठींपेक्षा ही ओळ मला जास्त प्रामाणिक वाटते.

पण त्या ओळीतही चांदा नाही. नीलकंठशहा नाही. या बाजूची गावं नाहीत, ज्यांच्या धानावर आणि ज्यांच्या रानावर फौजा पोसल्या गेल्या. तलवारीच्या पाठीवर तेवढी जागा नसते, मान्य. संग्रहालयाच्या फलकावर असते. त्या फलकावर लढायांच्या यादीत 'चांदा, १७५१' असं येईल तेव्हा त्याच्याखाली एक ओळ हवी, की इथे आधी कोणाचं राज्य होतं आणि इथली माणसं काय करत होती. एवढीच माझी मागणी आहे. बारा नाहीत, एक. (हशा)

वेळ झाला. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, झोलिंगेनचं लोखंड असं काय खास होतं? लोखंड तर आपल्याकडेपण आहे. आता कोनसरीला कारखानाच झाला.

लोखंड आपल्याकडे होतंच, आणि भारतीय पोलाद तर जगात नावाजलेलं होतं. झोलिंगेनची गोष्ट वेगळी आहे. तिथे कामाची वाटणी पक्की होती. एक पातं घडवणार, दुसरा पाणी देणार, तिसरा धार लावणार, आणि त्यांच्या जमात-संघटना होत्या. नद्यांवर धार लावायच्या पाणचक्क्या. त्यामुळे एकसारखी पाती मोठ्या संख्येने निघायची आणि जगभर जायची. लांब, सरळ, वाकून परत सरळ होणारं पातं घोडेस्वाराला हवं होतं, ते तिथे तयार मिळायचं. त्यात आपला कमीपणा काही नाही, बाजार होता.

प्रश्न : म्हणजे अशा तलवारी जमवूच नयेत, असं म्हणता का?

नाही हो. मीच रात्र रात्र कॅटलॉग चाळतो. जमवाव्यात, जपाव्यात. चिनी मातीची मूठ ज्या हाताने रंगवली तो हातही कोणा मजुराचाच होता, तिचं कौतुक करायलाच हवं. फक्त घेताना 'राजाची आहे' यावर पैसे देऊ नका. पातं बघा, मुद्रा बघा, मूठ आणि पातं एकाच काळातले आहेत का बघा. फार चकचकीत मुलामा असेल तर संशय धरा.

प्रश्न (मागून एक वयस्क गृहस्थ) : आमच्या घरी आज्याचा भाला हाये. डुकराचाच हाये. त्याच्यावर काहीच लिवून नाही. मंग त्याचं काय करावं?

बाबा, तुमचा प्रश्न मी सगळ्यात आधी घ्यायला हवा होता. आधी एक करा, तो घासून चकचकीत करू नका. गंज सुटत असेल तर कोरड्या कापडाने पुसून थोडं तेल लावा, बस. मग नातवाला सांगून त्याचा फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून, म्हणजे लांबी कळेल. पात्याखाली आडवा खिळा आहे का, दांडा कोणत्या लाकडाचा आहे, बदलला होता का, हे लिहा. कोणत्या गावच्या लोहाराने केला ते आठवत असेल तर ते. आणि आज्याबरोबर हाक्याला कोण कोण जायचे, जेवढी नावं तुम्हाला येतात तेवढी.

(गृहस्थ : नावं येतात. चार-पाच येतात.)

मग आत्ताच सांगा, इथे माझ्याजवळ कागद आहे. माइक द्या रे त्यांना.